कर्करोग : संशोधनाची झेप आणि आपली सोबत

कर्करोग हा शब्द आपल्या घरांत अजूनही मोठ्याने उच्चारला जात नाही. 'त्यांना ते झालंय', 'मोठा आजार आहे', 'टाटाला नेलंय' अशा शब्दांत ती बातमी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. ऐकणारा मान हलवतो, चुकचुकतो आणि विषय बदलतो. वास्तविक गेल्या पाऊणशे वर्षांत या रोगाविषयी जेवढे ज्ञान मानवाने मिळविले, तेवढे त्यापूर्वीच्या दोन हजार वर्षांत मिळविले नव्हते. ज्ञान पुढे गेले. आपली कुजबुज मात्र तिथेच राहिली. या दोहोंमधील अंतर थोडे कमी व्हावे, एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रारंभीच सांगणे आवश्यक आहे की, मी डॉक्टर नाही. बँकेच्या काउंटरवर बसणारा, कला शाखेचा पदवीधर असलेला एक कारकून आहे. या विषयाकडे वळण्यास एक घटना कारणीभूत झाली.

माझ्या थोरल्या वहिनींना २०११ साली स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. गाठ हाताला लागून तेव्हा सात महिने झाले होते. दुखत नव्हती म्हणून त्या गप्प राहिल्या. शस्त्रक्रिया झाली आणि केमोथेरपी सुरू झाली. घरात लिहिता-वाचता माणूस म्हणून रुग्णालयात सोबत जाण्याचे काम माझ्याकडे आले. मी प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलत असे, "वहिनी, धीर धरा, सगळं ठीक होईल." तिसऱ्या केमोनंतर चौथ्या तारखेला त्यांनी यायलाच नकार दिला. खोदून विचारल्यावर कळले की, तोंड आतून सोलवटल्यामुळे आठ दिवस त्या केवळ ताकावर होत्या. बोटे बधिर झाल्यामुळे साडीची पिनसुद्धा लावता येत नव्हती. मला राग आला. "मग सांगितलं का नाही?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी तोंड उघडलं की तुम्ही सगळे म्हणता ठीक होईल. ठीक होत नाहीये, हे मग मी कोणाला सांगायचं?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे जमेल तसे वाचन केले तेव्हा लक्षात आले की, वहिनींच्या प्रश्नाचा संशोधकांनीही अगदी शास्त्रीय पद्धतीने अभ्यास केला आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी हा रोग आणि त्यावरील संशोधन यांची थोडी ओळख करून घेऊ.

रोगाचे स्वरूप

आपले शरीर अगणित पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. नवी पेशी तयार होताना जुन्या पेशीतील सर्व सूचनांची नक्कल तिच्यात उतरते. आम्हा बँकेतल्या माणसांना हे लवकर समजते. पूर्वी एका वहीवरून दुसरी वही हाताने उतरवली जाई तेव्हा कुठे तरी एखादा आकडा चुकायचाच. संध्याकाळी ताळा घेतला की चूक सापडे. शरीरातही असा ताळा घेणारी यंत्रणा आहे. तिच्या नजरेतून काही चुका निसटतात. वर्षानुवर्षे अशा चुका साठत गेल्या आणि 'आता वाढ थांबव' ही सूचनाच पुसली गेली, तर ती पेशी बेसुमार वाढू लागते, शेजारच्या अवयवात घुसते आणि रक्तावाटे दूर जाऊन तेथेही वाढते. यालाच कर्करोग म्हणतात. कर्करोग हा एक रोग नसून असे शेकडो रोग आहेत. म्हणूनच 'कॅन्सरवर औषध निघाले का?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

तंबाखू हे या चुका वाढविणारे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण होय. बिडी-सिगारेट, गुटखा, मावा, मशेरी, तंबाखू-चुना या सर्वांचा त्यात समावेश होतो. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही पुडी कोठे मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १४ लाख नव्या रुग्णांची भर पडली. पुरुषांत तोंडाचा, तर स्त्रियांत स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याकडे विशेष आढळतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्याल्याने होत नाही. काही विषाणूंच्या संसर्गामुळे पुढे कर्करोग होण्याचा धोका वाढतो, हे खरे. परंतु रुग्णाजवळ बसल्याने तो रोग जडत नाही. तरीही रुग्णाचा कप वेगळा ठेवणारी सुशिक्षित घरे मी पाहिली आहेत.

संशोधनाची वाटचाल

प्रारंभी शस्त्रक्रिया हाच एक उपाय होता. १८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि १८९८ साली मेरी व पिअर क्यूरी यांनी रेडियम शोधून काढले. त्यातून किरणोपचाराचा मार्ग खुला झाला. आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले.

तिसरा मार्ग औषधांचा. बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले. त्यांपैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती सुधारणा तात्पुरती होती, परंतु औषधाने हा रोग मागे हटू शकतो हे प्रथमच सिद्ध झाले. हे औषध ज्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले ते शास्त्रज्ञ म्हणजे आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ साली ते अमेरिकेत निधन पावले. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव क्वचितच माहीत असते. त्या काळी मुलांमधील तीव्र रक्तकर्करोग म्हणजे मृत्यूच असे. आज त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारातील दर १० मुलांपैकी सुमारे ९ मुले प्रगत देशांत बरी होतात.

मराठी माणसांचाही या कार्यात वाटा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईत रोगनिदानशास्त्राचा पाया घातला आणि तंबाखूच्या सवयी व तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाचा अभ्यास केला. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली आणि स्तनाच्या कर्करोगातील आनुवंशिकतेच्या भागावर काम केले. १९८२ साली त्यांना 'पद्मभूषण' मिळाले.

त्यानंतरचा टप्पा नेमक्या दोषावर घाव घालणाऱ्या औषधांचा. २००१ साली इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत मान्य झाली. तिच्यामुळे रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे रुग्ण रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षे कामधंदा करू लागले. परंतु मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी किमतीत मिळत होती. मूळ कंपनीने पेटंट मागितले तेव्हा विरोध करणाऱ्यांत मुंबईची 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन' ही रुग्णांसाठी झटणारी संस्थाही होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारले आणि स्वस्त गोळी वाचली. प्रयोगशाळेने लावलेला शोध गरिबाच्या हातात पोहोचावा यासाठी संघटनेला न्यायालयापर्यंत जावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अलीकडचा टप्पा शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीला जागे करण्याचा आहे. या कामासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच दिशेचा एक उपचार म्हणजे 'कार-टी'. यात रुग्णाच्या रक्तातील लढाऊ पेशी बाहेर काढून त्यांना कर्कपेशी ओळखण्याचे शिक्षण दिले जाते आणि त्या पुन्हा शरीरात सोडल्या जातात. पवईच्या आय.आय.टी.मधील शास्त्रज्ञ आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून तयार केलेल्या अशा पहिल्या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात काही कोटी रुपये लागणारा हा उपचार येथे सुमारे त्याच्या दहाव्या हिश्शात होतो. अर्थात तो ठरावीक रक्तकर्करोगांसाठीच आहे आणि सामान्य माणसाला हा दहावा हिस्साही पेलणारा नाही.

पण प्रत्येक नवे संशोधन महागच असते असे नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १६०० स्त्रियांवर केलेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाला. स्तनाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी गाठीभोवती जागा बधिर करण्याचे साधे इंजेक्शन दिले गेले, तेव्हा पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. दंतवैद्य दात काढताना वापरतात त्याच जातीचे हे औषध असून त्याचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास येतो.

गावागावांत पोहोचलेले संशोधन

विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावेत असे दोन प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाले.

पहिला तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांचा त्यात सहभाग होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एच.पी.व्ही. या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी त्या गटातील मृत्यूंचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगाने त्याची दखल घेतली.

दुसरा प्रयोग मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर १९९८ पासून सुरू झाला. येथे तपासणीचे साधन होते पातळ केलेले व्हिनेगर, आणि तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकून प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगर लावले की दोष असलेली जागा पांढरी दिसते. दर दोन वर्षांनी केलेल्या या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. याच स्त्रियांच्या स्तनांची तपासणीही हातांनीच केली जात होती. त्यामुळे पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष २०२१ मध्ये निघाला.

आता तर एच.पी.व्ही.वर लसही आहे. या विषाणूचा संबंध दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले. पुण्यात तयार झालेल्या भारतीय लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. ९ ते १४ या वयात ही लस सर्वाधिक उपयोगी पडते. ज्यांच्या घरी या वयाच्या मुली आहेत त्यांनी डॉक्टरांना याविषयी अवश्य विचारावे.

म्हणजे पाहा, या दोन्ही प्रयोगांत दारोदार जाऊन 'ताई, एकदा तपासून घ्या' असे सांगणारे कोणी तरी होते. ते माणूस नसते, तर तपासणी कागदावरच राहिली असती.

आधाराने नेमके काय साधते ?

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. रुग्णाला आधार द्यावा असे सर्वच म्हणतात. पण त्याने नेमके काय होते?

१९८९ साली अमेरिकेत डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांपैकी काही जणी दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळे करीत. त्या इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट काळ जगल्या, असे त्यात आढळले. जगभर त्याचा गाजावाजा झाला. परंतु विज्ञानात एका प्रयोगावर विसंबून राहत नाहीत. कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग पुन्हा केला गेला आणि २००१ साली निष्कर्ष आला की, अशा गटांमुळे आयुष्य वाढत नाही. मात्र मनाची तगमग आणि वेदनेची जाणीव कमी होते.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. 'मन खंबीर ठेवा म्हणजे रोग पळेल' या म्हणण्याला शास्त्रीय आधार नाही. उलट त्याने रुग्णावर अन्याय होतो. रोग वाढला की लोक म्हणतात, 'हिनेच हाय खाल्ली.' आधीच आजाराने पिचलेल्या माणसावर आपण दोषही लादतो.

मग आधार निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. बोस्टनमध्ये फुफ्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासूनच वेदना, दम, झोप, उदासी यांकडे लक्ष देणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची साथ देण्यात आली. त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले. एवढेच नव्हे, तर इतरांचे आयुर्मान ८.९ महिने असताना त्यांचे ११.६ महिने झाले. न्यूयॉर्कमधील ७६६ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात रुग्णांनी आपले त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवायचे आणि त्रास वाढला की परिचारिकेला सूचना जायची, एवढीच व्यवस्था होती. २०१७ च्या निष्कर्षानुसार नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणारे २६ महिने जगले, तर नोंद करणारे ३१.२ महिने. २०२५ मध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांचा निष्कर्ष आला. शस्त्रक्रिया व केमोनंतर तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम करणाऱ्यांपैकी आठ वर्षांनी ९० टक्के हयात होते. केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी ८३ टक्के.

या सर्वांचे सार एकच निघते. कोरड्या धीराने आयुष्य वाढत नाही. रुग्णाचा त्रास कोणी तरी विचारला, ऐकला, लिहिला आणि तो वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचविला, तर आयुष्य वाढते. मी वहिनींना धीर देत होतो; त्यांचे ऐकत नव्हतो. तोंड आल्यावर औषध असते, बोटे बधिर झाल्यास औषधाची मात्रा बदलता येते, हे डॉक्टरांनी आम्हाला चौथ्या तारखेला सांगितले. ती तारीख आम्ही तीन आठवडे उशिराने गाठली होती.

सोबत कशी करावी ?

पुढील गोष्टींना पैसा लागत नाही.

१) 'कसं वाटतंय?' असे मोघम विचारू नये. जेवण किती गेले, झोप लागली का, कुठे दुखते, शौचास झाली का, असे नेमके विचारावे आणि शंभर पानी वहीत तारखेसह लिहावे. दवाखान्यात ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. दहा मिनिटांच्या भेटीत रुग्णाला निम्मे आठवत नाही.

२) केमो चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. अंगातील पांढऱ्या पेशी कमी झाल्यामुळे साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. घरी गोळी देऊन थांबू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे.

३) तारीख चुकू देऊ नये. घरचा माणूस रजा मिळत नाही म्हणून अडकला असेल तर शेजाऱ्याने जावे.

४) 'अमक्या गावी झाडपाला देतात' असे रुग्णाला परस्पर सांगू नये. उपचार अर्धवट सुटण्याचे ते एक कारण होते.

५) भेटीला जाऊन दुसऱ्या कोणाच्या मृत्यूच्या हकिगती सांगू नयेत. रुग्ण रडला तर रडू द्यावे. गप्प बसणे ही देखील सोबत आहे.

६) जो दिवसरात्र सेवा करतो त्याची विचारपूस करावी. आठवड्यातून एक दुपार त्याला मोकळी करून द्यावी.

त्याचप्रमाणे निरोगी माणसांनी काही लक्षणांची नोंद ठेवावी. तीन आठवड्यांत बरी न होणारी तोंडातील जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, स्तनातील गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, न जाणारा घोगरेपणा, विनाकारण घटणारे वजन यांपैकी काही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. वहिनींची गाठही दुखत नव्हती.

पैसा आणि कागदपत्रे

हा भाग माझ्या काउंटरवरचा आहे. मुदत ठेव मोडायला आलेला किंवा बायकोचे मंगळसूत्र तारण ठेवायला आलेला माणूस कारण विचारल्यावर हळूच म्हणतो, 'घरात आजारपण आहे.' कित्येकांनी उपलब्ध असलेल्या योजनेची चौकशीही केलेली नसते.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली समाविष्ट रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळू शकतात. त्या रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन पैसे भरण्यापूर्वी त्याला भेटावे, नंतर नव्हे. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. धर्मादाय मदतीचे मार्ग तेथे समजतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर व थ्री-टियर वातानुकूलित डब्यात पूर्ण आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. मुंबईत उतरण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणे आहेत.

बँकेतील खात्याला वारस नोंदवलेला आहे का ते पाहावे. खाते संयुक्त करावे. रुग्णाला सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमक्ष, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो, हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. हे सांगताना मला एक आठवण बोचते. एका निवृत्त शिक्षकांची पैसे काढायची स्लिप सही जुळत नाही म्हणून मी दोनदा परत केली होती. ते काही न बोलता बाकावर बसून पुन्हा पुन्हा सही गिरवीत राहिले. त्यांची केमो चालू होती. बोटे बधिर झाली की सही बदलते, हे मला वहिनींच्या आजारपणात कळले. तेव्हा ते सर हयात नव्हते.

शेवटचा टप्पा

सर्वच रुग्ण बरे होत नाहीत, हे लपविण्यात अर्थ नाही. २०१७ साली वहिनींचा रोग हाडांत परत आला. अशा वेळी 'आता काही करण्यासारखे नाही' हे वाक्य आपण ऐकतो. ते बरोबर नाही. रोग हटविता आला नाही तरी वेदना हटविता येते. त्याला परिहार सेवा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच वेदनाशमनाच्या पायऱ्या आखून दिल्या. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे 'शांती आवेदना सदन' हे देशातील अशा प्रकारचे पहिले शुश्रूषागृह सुरू झाले. मॉर्फिनविषयी लोकांच्या मनात भीती असते. परंतु कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या मात्रेप्रमाणे घेतलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. ते मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यातही दुरुस्ती झाली.

वहिनी २०१८ च्या पावसाळ्यात गेल्या, स्वतःच्या घरी. शेवटच्या चार महिन्यांत वही माझ्याकडे होती. रात्री किती वाजता दुखले, गोळीने किती वेळ थांबले, ते मी लिहीत असे. एकदा त्या म्हणाल्या, "आता बरं झालं भाऊजी, तुम्ही ठीक होईल म्हणायचं सोडलंत." पहिल्या निदानापासून त्यांना सात वर्षे मिळाली. धाकट्या मुलीची बारावी त्यांनी पाहिली.

आपल्याला काय करता येईल ?

विनयपिटकातील एक प्रसंग आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी त्याला कोणता उपदेश केला नाही. प्रथम त्याला काय होते आहे ते विचारले, आणि त्याची सेवा करणारा कोणी आहे काय ते विचारले. मग आनंदाला पाणी आणायला सांगून दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचावर निजविले. एवढ्या संशोधनानंतर आज वैद्यकशास्त्र ज्या दोन प्रश्नांशी येऊन थांबले आहे, ते हेच दोन प्रश्न होत.

आपल्या सभासदांपैकी प्रत्येक गल्लीत एकाने वही सांभाळण्याचे काम घ्यावे. विद्यार्थ्यांनी योजनेचे अर्ज भरून द्यावेत, प्रमाणपत्रांच्या प्रती काढाव्यात, आजी-मावशींना तपासणीसाठी नेऊन आणावे. मुंबईच्या प्रयोगातील सेविका दहावीच शिकलेल्या होत्या; आपली मुले त्याहून पुष्कळ पुढे गेली आहेत. नवी औषधे शोधणे आपल्या हाती नाही. पण शोधलेले औषध आपल्या गल्लीतल्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचते की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. यापुढे कोणाच्या घरी हा आजार आल्याचे कळले तर 'ठीक होईल' म्हणण्यापूर्वी आपण एक वही आणि पेन घेऊन जाऊ या, आणि पहिला प्रश्न विचारून ऐकत बसू या.